‘२००० एडी’ म्हणजे फक्त जज ड्रेड?

नीलशाई:
‘२००० एडी’ हे ब्रिटिश विज्ञानकथा कॉमिक साप्ताहिक १९७७ पासून चालू आहे, पण विषय निघाला की सगळे जज ड्रेड या त्यातल्या पोलीस पात्रापाशीच येऊन थांबतात. मला हे पटत नाही. एकेका अंकात साधारण पाच कथा क्रमशः चालतात, प्रत्येकीचं जग वेगळं. ‘नेमेसिस द वॉरलॉक’मध्ये खलनायक माणूस आणि नायक परग्रहवासी! लेखक ॲलन मूर आणि चित्रकार इयन गिब्सनची ‘हेलो जोन्स’ (१९८४) तर बेरोजगार मुलीची कथा. पहिल्या भागात नुसतं बाजारहाट करून जिवंत परत येणं हीच मोहीम. तिसऱ्या भागात ती सैनिक होते आणि अशा ग्रहावर लढते जिथे गुरुत्वाकर्षणामुळे काळच मंदावतो. आत काही मिनिटं लढावं, तोवर बाहेर कितीतरी काळ उलटलेला. एवढ्या वेगळ्या कथा दुसऱ्या कुठल्या साप्ताहिकाने जगवल्या?

जुना_अंक:
जगवल्या, पण ड्रेडच्या जिवावर. लेखक वॅग्नर आणि चित्रकार एझ्क्वेरांचा हा पोलीस दुसऱ्याच अंकात आला आणि तो खऱ्या काळाबरोबर म्हातारा होतोय. १९८२ च्या ‘अपोकॅलिप्स वॉर’मध्ये तो ईस्ट-मेग वन हे अख्खं शहर अण्वस्त्रांनी संपवतो. त्यातून वाचलेले लोक सुमारे तीस वर्षांनी ‘डे ऑफ केऑस’मध्ये सूड उगवतात. इतका लांबचा हिशोब पाच-सहा पानांच्या सुट्या कथांना जमेल का?

साधा_वाचक:
तुम्ही दोघंही हक्कांचं बोलतच नाही. पात्रं प्रकाशकाच्या मालकीची, त्या वादातच मूरने ‘हेलो जोन्स’ तीन भागांवर सोडली. पुढचे भाग त्याच्या डोक्यात होते. ज्यांनी हे वैविध्य निर्माण केलं त्यांनाच त्यावर हक्क नव्हता, हे मला फार लागतं.

नीलशाई:
हक्कांचं शंभर टक्के मान्य. पण @जुना_अंक, ड्रेडचीच सर्वोत्तम कथा घ्या, ‘जज ड्रेड मेगझिन’ या जोडमासिकात आलेली १९९० ची ‘अमेरिका’. त्यात ड्रेड नायक नाहीच. स्थलांतरितांची मुलगी लोकशाहीसाठी लढते आणि तो तिच्यासमोर भिंतीसारखा उभा राहतो. ‘२००० एडी’ने नेमेसिससारख्या कथा वर्षानुवर्षं छापल्या, वाचकांना सत्तेवर शंका घ्यायची सवय लागली, म्हणून हे धाडस पचलं.

जुना_अंक:
‘अमेरिका’बद्दल वाद नाही. पण तेरा वर्षं आपण ज्याच्या बाजूने वाचत आलो तोच समोर उभा राहतो, म्हणून ती एवढी बोचते. नव्या पात्राला हे जमलं नसतं.