मदत हवी आहे : खान्देशातल्या जिनांमधल्या बालकामगारांच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या जुन्या कापूस जिनांवर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांवर) टिपण लिहितोय. अडलोय ते तिथे राबणाऱ्या पोरांपाशी.

कायदा बघून झालाय. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने 7 वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली, पण तो 100 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपुरता. शिवाय वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळलेले. म्हणजे बहुतेक हंगामी जिनं सुटलीच की! 1891 मध्ये वय 9 झालं, कामगारांची अट 50 वर आली. हंगामी कारखाने कायद्यात आले ते 1911 ला. 1922 ला किमान वय 12.

मला 1891 ते 1922 मधल्या तपासणीच्या नोंदी हव्यात: जिनाचं नाव, गाव, मुलांची संख्या, कामाचे तास.

1880 चं खान्देश गॅझेटिअर पाहिलंय, ते कायद्याआधीचं, त्यामुळे इथे उपयोगाचं नाही. दोन जुन्या जिनांत विचारलं. हजेरीपट कधीच रद्दीत गेलेत. म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत, पण त्या फार नंतरच्या.

मुंबईच्या पुराभिलेखागारात जाता येईल, पण दोनच दिवस. इंग्रजी चालेल, मोडी वाचता येत नाही. 1906 ला जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले, त्यामुळे कुठल्या नावाखाली शोधायचं हाही घोळ आहेच.

तिथे काम केलेल्या कुणी सांगाल का, फॅक्टरी इन्स्पेक्टरचे अहवाल कोणत्या खात्याच्या दप्तरात मागायचे, आणि त्यात गावनिहाय जिनांची यादी असते की नुसते जिल्ह्याचे आकडे?