डिझेल जनरेटर पेटत नाही, कॉम्प्रेशन कमी वाटतंय. मदत हवी आहे

मंडळी, भांडुपच्या वर्कशॉपमधला सिंगल सिलिंडर, एअर-कूल्ड जनरेटर पावसाळाभर झाकून होता. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाही. टाकीतलं पाणी काढलं, फिल्टर बदलला, लाइनमधली एअर काढली. बॅटरी चांगली आहे.

डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) वर न उचलताही हँडल सहज फिरतं. पूर्वी कॉम्प्रेशनला चांगलं अडायचं. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पाहिलं, तरी फरक नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने कॉम्प्रेशन वाढलं असतं. त्यामुळे माझा संशय रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (हेडखालचं सील). मेकॅनिक मात्र थेट बोअर-पिस्टन किट बदला म्हणतोय (त्याचं काय जातंय!). टॅपेट गॅप (व्हॉल्व्हवरची फट) अजून मोजलेला नाही, थंड इंजिनवर उद्या बघतो.

हेड उघडण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) ठेवून इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायचा विचार आहे. एअर क्लीनरमध्ये फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून (क्रँककेसच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा. कुणी केलंय का असं? फ्लायव्हील अडकवून कसं ठेवता? आणि हवेची नळी त्या भोकाला जोडायचा अडॅप्टर नागदेवी स्ट्रीटला (मुंबईतला हार्डवेअर बाजार) तयार मिळेल, की लेथवर करून घ्यावा लागेल?

ईथर स्प्रे (इंजिन पेटवायला हवेच्या वाटेत मारतात तो) मारायचा सल्ला कृपया नको.