जुनी रोडबाईक (2012, 8 स्पीड): ग्रुपसेट बदलू की सरळ नवी घेऊ?

घाटमाथा
मंडळी, सल्ला हवाय. सायकल 2012 सालची. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो 2300 चं ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा सगळा संच), 8 स्पीड म्हणजे मागे 8 चकत्या, अंगठ्याच्या खटक्याचे शिफ्टर. पुढच्या चकत्या 50/34 दात्यांच्या, मागच्या 12 ते 25 च्या. रिम ब्रेक, टायर 23 मिमीचे. माप बरोबर आहे, पाठ-मान दुखत नाही. सराव पुण्यात, आठवडाभर सपाटी, रविवारी बोपदेव घाट नाहीतर सिंहगड. डिसेंबरात 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, जमली तर पुढे 300. अडचणी दोनच: चढावर गिअर संपतात आणि खराब रस्त्यावर तळहातांना मुंग्या येतात. बजेट 60 हजार. दुकानदार म्हणतो, शिमानोचं 105 ग्रुपसेट बसवून टाका. टाकू का?

तिसरी चेन
नको. हल्लीचं 105 म्हणजे आर7100, 12 स्पीड. ते फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) येतं, तुमच्या फ्रेमवर त्याचे ब्रेक लागणारच नाहीत. दुकानदाराच्या मनात आधीचं 11 स्पीड आर7000 असेल, पण त्यातही मेख आहे. 8 स्पीडच्या चाकाची फ्रीहब बॉडी (जिच्यावर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच बसतो) 11 च्या रोड कॅसेटसाठी 1.85 मिमी आखूड पडते, म्हणजे मागचं चाक नवं आलं. एक पळवाट आहे: एचजी800 ही 11-34 कॅसेट जुन्या बॉडीवर बसते, कारण तिच्या मोठ्या चकत्या स्पोकच्या बाजूला झुकवलेल्या असतात. तरी शिफ्टर, दोन्ही डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे), क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचं बेअरिंग), चेन, केबल हे सगळं घ्यावंच लागतं. सुटं घेतलेलं ग्रुपसेट कंपनीने सायकलवर लावून दिलेल्यापेक्षा बहुधा महाग पडतं, आणि पैसे मोजून फ्रेम, फोर्क, ब्रेक जुनेच राहतात.

सोनचाफा
चढाचं गणित करून बघा म्हणजे कुठे पैसे घालायचे ते कळेल. तुमचा सगळ्यात हलका गिअर 34/25, म्हणजे 1.36. चाकाचा परीघ 2.1 मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात 2.86 मीटर. मिनिटाला 60 फेरे ठेवायचे तर वेग 10.3 किमी हवाच. स्वार आणि सायकल मिळून 88 किलो, चढ 8 टक्के धरला तर त्याला साधारण 220 वॉट लागतात. मागे 32 ची चकती टाकली की तेच 60 फेरे 8 किमीच्या वेगाला मिळतात आणि काम 170 वॉटच्या आसपास येतं. गुडघे वाचतात ते इथे. आता नवी सायकल दीड किलोने हलकी मिळाली असं समजा: त्याच चढावर त्याच वेगाला फरक जेमतेम 3-4 वॉटचा. त्यामुळे हलक्या फ्रेमच्या नादी लागू नका.

बीआरएमसाठीही वेगाची भीती नको. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला वीस. चहा-नाश्ता, पंक्चर धरून ताशी 15 पडले तरी वेळेत पोचता.

पान्हा नं. 10
वरचं सगळं बरोबर, पण आधी फ्रेम आणि चाकं तपासा. तिथे काही निघालं तर पुढची चर्चाच फोल.

सायकल धुऊन कोरडी करा आणि मोबाइलच्या टॉर्चने हे बघा: हेडट्यूबखालचा (हँडल बसतं त्या नळीखालचा) वेल्ड, बॉटम ब्रॅकेटजवळचे सांधे, सीटपोस्टच्या क्लॅम्पची चीर आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा). रंगात केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं आणि रेघ वेल्डच्या कडेने जात असेल तर ती फ्रेम मोडीत. अ‍ॅल्युमिनियमची तडा गेलेली फ्रेम वेल्ड करून घेऊ नका. उष्णतेने त्या भागाचं पाणी उतरतं आणि ती शेजारीच तुटते.

सीटपोस्ट सैल करून वर-खाली हलतो का बघा. बरीच वर्षं ग्रीस न लावता, पावसाळे आणि घाम खात राहिलेला पोस्ट आत धरून बसतो. आत्ता निघाला तर पुसून, ग्रीस लावून परत बसवा. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बनची पेस्ट.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू वळवा. बरोबर मधोमध खटकन अडकलं तर हेडसेटच्या बेअरिंगला खड्डे पडलेत. घाबरायचं कारण नाही, स्वस्तातलं काम आहे.

आता रिम, कारण रिम ब्रेकच्या सायकलीत हीच झिजते. ब्रेक पॅड जिथे घासतो त्या पट्टीवर स्टीलची पट्टी उभी टेकवा. मध्ये प्रकाश दिसला तर भिंत आत गेली आहे. काही रिमवर बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं की रिम संपली. पावसाळ्यात घाट उतरले की पॅडमध्ये रिमचेच चकचकीत कण रुततात आणि पॅड कानशीसारखा चालतो. ते टाचणीने काढायची सवय ठेवली नसेल तर 2012 ची रिम शिल्लक असण्याची शक्यता कमीच. पातळ भिंत उतारावर ब्रेक मारताना उलगडते. सगळ्यात वाईट वेळी.

उतारप्रेमी
मी विरुद्ध बाजू मांडतो. हातांना मुंग्या येतात म्हणताय, आणि 300 करायचं तर रात्रीचा रस्ता आलाच. खड्डे दिसत नाहीत. 32 चे टायर आणि डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर हा प्रश्न मुळातून सुटतो. जुन्या रोड फ्रेमवर 28 सुद्धा नशिबाने बसतो. चाकं, टायर, कॅसेट, पॅड करत 30 हजार घातलेत तर सायकलीची विकून येणारी किंमत एक रुपयाने वाढणार नाही. जुनी आहे तशी विका आणि भर घालून डिस्कवाली घ्या.

तिसरी चेन
@उतारप्रेमी, मुद्दा रास्त, पण 60 हजारांत डिस्क म्हणजे बहुतेक केबलवर ओढणारी मेकॅनिकल डिस्क आणि 8 नाहीतर 9 स्पीड. आत्ता आहे त्यात गिअरचं सुख फारसं वाढत नाही. डिस्कसाठी जायचंच असेल तर हायड्रॉलिक आणि थ्रू-अ‍ॅक्सलला (चाकातून आरपार जाणाऱ्या जाड आसाला) जा. त्यासाठी लाखाच्या पुढे तयारी ठेवा. मधलं काही घेतलं की दोन वर्षांनी परत हाच धागा निघतो :)

मुंग्यांचं मात्र आधी फुकटातलं बघा. सॅडलचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि भार तळहातांवर येतो. लेव्हल लावून सरळ करा. 23 च्या टायरमध्ये 110-120 पीएसआय ठासत असाल तर तेही कारण आहे.

सोनचाफा
टायर किती मोठा बसेल ते एलन कीने मोजता येतं. टायरचा माथा आणि ब्रेकच्या कमानीची खालची बाजू यांच्यात 4 ची की सरकवा, मग 5, मग 6. फोर्कच्या आतही तसंच, आणि मागे चेनस्टेजवळ (मागच्या चाकालगतच्या खालच्या नळ्यांजवळ) दोन्ही बाजूंना. 23 वरून 25 ला गेलात की उंची 2-3 मिमी वाढते, 28 ला साधारण 5. नंतरही निदान 3 मिमी मोकळे राहायला हवेत. खडी चिकटून आत अडकली तर चाक जागच्या जागी थांबतं.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं: तडा कुठेच नाही. सीटपोस्ट निघाला. हेडसेट ठीक. पुढची रिम बरी, मागची पट्टी लावल्यावर चांगलीच खोल दिसते. एलन की पुढे 6 ची जाते, 7 जात नाही. मागे 8 ची आरामात. चेन 24 कड्यांना 12 इंचांवर जवळजवळ 1/8 इंच जास्त भरते. शिफ्टर थंडीत दोन-तीनदा दाबल्यावर पकडतो.

पान्हा नं. 10
उत्तर मिळालं की. फ्रेम ठेवा, चाकं बदला.

चाकं: 130 मिमी हब, क्विक रिलीज, रिमची आतली रुंदी 17 मिमी, 11 स्पीडची बॉडी. शिमानो आरएस100 किंवा त्या जातीतली कुठलीही. बॉडी 11 ची असल्याने 8 ची कॅसेट चढवताना मागे 1.85 मिमीची रिंग घालायला विसरू नका. नाही घातली तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खडखडते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला खाचा पाडते.

टायर: पुढे 25, मागेही 25. 17 च्या रिमवर 25 चा टायर फुगून 26-27 भरतो, त्यामुळे पुढे 28 चा मोह नको. वजन 70-75 किलो असेल तर पुढे 80, मागे 85-90 पीएसआयने सुरुवात करा आणि हळूहळू उतरवत जा.

गिअर: 8 स्पीडची 11-32 कॅसेट. 1/8 इंच वाढलेल्या चेनने जुनी कॅसेट खाल्लेलीच असते, ती नव्या चेनला घसरवेल. 2300 चा छोट्या पिंजऱ्याचा मागचा डिरेलर 32 पेलत नाही; शिमानो क्लॅरिस आर2000 चा लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस, मागवा. याहून मोठी चकती हवी असेल तर एमटीबीचा (माउंटन बाइकचा) 9 स्पीड अलिव्हिओही चालतो, कारण केबल ओढण्याचं प्रमाण सारखंच आहे. 10 स्पीडचे एमटीबी डिरेलर आणि शिमानोच्या नव्या क्यूज मालिकेतले मात्र जुळत नाहीत. दुकानात "सगळं एकच" म्हणाले तरी घेऊ नका. पुढच्या डिरेलरला हात लावू नका.

शिफ्टर: मेलेला नाही, आतलं ग्रीस घट्ट झालंय. केबल काढा, हूड (शिफ्टरवरचं रबर) मागे सरकवा, फटीतून ग्रीस विरघळवणारा स्प्रे मारत खटका पन्नास-साठ वेळा दाबा. काळं पाणी यायचं थांबलं की पातळ तेलाचे थेंब सोडा. नव्या केबलबरोबर आउटर केसिंगही नवं, विशेषतः मागच्या डिरेलरजवळचा शेवटचा वळसा. गंज तिथेच साचतो. डिरेलर लावण्याआधी हँगर (फ्रेमचा कान, ज्याला डिरेलर लागतो) गेजने सरळ करून घ्या, नाहीतर नव्या सामानावरही चेन कुरकुरेल आणि दोष कॅसेटला जाईल.

सोनचाफा
डिरेलर, कॅसेट, चेन, केबल मिळून अंदाजे 6 ते 8 हजार, चाकांची जोडी पंधराच्या आत, टायर-ट्यूब 5-6. शहर आणि दुकान बघून वर-खाली. पॅड कार्ट्रिजवाले घ्या म्हणजे पुढच्या वेळी फक्त रबर बदलता येतं. आणि बिल बघून घ्या: 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय.

उतारप्रेमी
तीस हजारांत बसत असेल तर माझा विरोध मागे. उरलेले हायड्रॉलिकवालीसाठी बाजूला ठेवा. ही चाकं तिला मात्र बसणार नाहीत, ते लक्षात असू द्या. रात्रीच्या राइडसाठी चांगला पुढचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट याच पैशांतून काढा, बीआरएमला तपासतात.

घाटमाथा
ठरलं. ऑर्डर देतोय. एक शेवटचं: चेन जुनीच्या मापाने तोडली तर चालेल ना?

पान्हा नं. 10
नाही! जुनी 25 च्या चकतीच्या मापाची आहे. नवी चेन पुढे 50 वर आणि मागे 32 वर चढवा, डिरेलरमधून न ओवता. टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. आखूड ठेवलीत आणि चुकून 50-32 ला गेलात तर डिरेलर हँगरसकट उपटून स्पोकमध्ये जाईल. मग बी-स्क्रूने (डिरेलर चकत्यांपासून किती दूर राहील ते ठरवणाऱ्या पेचाने) वरची पुली आणि 32 ची चकती यांच्यात 5-6 मिमी ठेवा. पहिली फेरी सपाटीवर मारा, केबल बसल्यावर बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा पेच) अर्धा-एक फेरा फिरवावा लागेल, आणि त्यानंतरच बोपदेवला जा.