मदत हवी आहे: मातीत खरोखर कुजेल असा सॅनिटरी पॅड बनवायचा आहे, कच्चा माल कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यात आमच्या बचत गटाचं सॅनिटरी पॅडचं छोटं युनिट आहे. मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे. माल आसपासच्या गावांत, शाळांत आणि काही मेडिकल दुकानांत जातो. पॅड गळत नाही, गिऱ्हाईक टिकून आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. आमच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही. काही जणी वापरलेले पॅड जाळतात, काही केळीच्या बागेत पुरतात, आणि पुढच्या लागवडीला जमीन उकरली की तेच पॅड जेलसकट वर येतात. शेतात राबणाऱ्या आम्हीच, पॅड बनवणाऱ्याही आम्हीच. म्हणून गटाने ठरवलंय, की कुजणाराच पॅड बनवायचा.

सध्या वर पॉलिप्रॉपिलीन नॉनवोवनची (न विणलेल्या कापडाची) टॉपशीट, मध्ये लाकडाच्या लगद्याची जेल शीट, खाली पॉलिथिलीनची बॅकशीट, शिवाय हॉटमेल्ट ग्लू (वितळवून लावायचा) आणि रिलीज पेपर (ग्लूवरचा सोलून काढायचा कागद). लगदा आणि कागद सोडले तर यातलं काहीच कुजत नाही.

बॅकशीटसाठी एका पुरवठादाराने उसापासून बनवलेलं प्लास्टिक म्हणून रोल दाखवला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ते उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिलीन आहे. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी 2010 पासून असं पॉलिथिलीन मोठ्या प्रमाणावर करते. त्यात खनिज तेल वाचतं हे खरं, पण रेणू तोच असल्यामुळे मातीत ते साध्या पॉलिथिलीनसारखंच पडून राहणार. दुसऱ्याने ऑक्सो-बायोडिग्रेडेबल फिल्म सुचवली. त्यात साध्याच प्लास्टिकमध्ये एक रसायन घालतात आणि त्याचे बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने 2021 पासून अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली आहे. आमच्या जमिनीत तुकडे नकोत, म्हणून तोही पर्याय सोडला.

उरली स्टार्च आणि पीबीएटी नावाच्या प्लास्टिकच्या मिश्रणाची फिल्म, कंपोस्टेबल पिशव्यांची असते ती. हाताला मऊ आहे, चुरचुर आवाज होत नाही. गंमत म्हणजे पीबीएटी बहुतांशी खनिज तेलापासूनच बनतं, तरी ते कुजतं. पण आमचा ग्लू ज्या तापमानावर लागतो त्याला ही पातळ फिल्म आकसते आणि मधूनच भोक पडतं.

टॉपशीटसाठी पीएलएचं नॉनवोवन मागवून पाहिलं. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल, आणि त्यापासून हे प्लास्टिक. अडचण उन्हाळ्याची आहे. पीएलए 55 ते 60 अंशांवर मऊ पडायला लागतं. जळगावचा मे महिना आणि पत्र्याचं शेड, माहीत असलेल्यांना अधिक सांगायला नको. पत्र्यालगत ठेवलेल्या रोलच्या कडा चिकटून कडक झाल्या. असा कपडा नाजूक त्वचेला लावायचा नाही, यावर आमच्या सगळ्या जणी ठाम आहेत.

सगळ्यात अवघड जेल, म्हणजे ओल शोषून फुगणारा पदार्थ. आमच्या जेलमधलं सोडियम पॉलिॲक्रिलेट खनिज तेलापासून येतं आणि मातीत फार सावकाश कमी होतं. त्याऐवजी गवार डिंक किंवा सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा पदार्थ) वापरता येतं असं ऐकलंय. शिवाय आमच्याकडे केळीची खोडं मुबलक आहेत. घड कापला की खोड बांधावर पडतं. अहमदाबादची साथी कंपनी केळीच्या धाग्याचे पॅड करते, मग केळीच्या जिल्ह्यात आम्हाला का जमू नये?

तर जाणकारांनी सांगावं: शेतातल्या खड्ड्यात पीएलए कुजेल का? बॅकशीटला कोणता ग्लू चालेल? जेलशिवाय किंवा वनस्पतीजन्य जेल वापरून पॅड करता येईल का? आणि लहान युनिटला थोडा माल कुठे मिळेल?

— केळीबाग

प्रतिसाद: रेणूबंध

ताई, तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पीएलए शेतातल्या खड्ड्यात कुजणार नाही. म्हणजे कधीच नाही असं नव्हे, पण वर्षानुवर्षं लागतील. कंपोस्टेबल प्लास्टिकचं आपल्याकडचं मानक आयएस/आयएसओ 17088. त्यातली चाचणी साधारण 58 अंशांच्या गरम कंपोस्टमध्ये होते आणि 6 महिन्यांत 90 टक्के विघटन अपेक्षित असतं. मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात ती उष्णता तयार होते. तुमच्या खड्ड्यातली माती तितकी गरम होत नाही.

म्हणून फिल्म घेताना फक्त कंपोस्टेबल आहे का असं विचारू नका, घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र मागा. त्या चाचणीत तापमान 20 ते 30 अंश असतं आणि मुदत 12 महिने. स्टार्च-पीबीएटीच्या सगळ्याच फिल्म त्यात बसत नाहीत, काही बसतात. प्रमाणपत्रावर जाडी लिहिलेली असते, तीही तपासा. पातळ फिल्मचं प्रमाणपत्र दाखवून जाड फिल्म विकतात.

ग्लूसाठी कमी तापमानाचा हॉटमेल्ट मागा. पीबीएटी 110 ते 120 अंशांना वितळतं, आणि नेहमीचा ग्लू 150 च्या आसपास लावतात, म्हणून भोकं पडताहेत. ग्लू थेट फिल्मवर न सोडता आधी रिलीज पेपरवर लावून मग फिल्म दाबली तर बराच फरक पडेल.

आणखी एक. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तू विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते हाती येईपर्यंत पाकिटावर तो शब्द छापू नका.

प्रतिसाद: पेळू

टॉपशीटला पीएलए हवंच कशाला? तुम्ही खानदेशात आहात, कापूस दाराशी आहे. ब्लीच न केलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे त्याचं स्पनलेस कापड (पाण्याच्या फवाऱ्याने धागे गुंतवून केलेलं) पाणी धरून बसत नाही, खाली सोडतं. ब्लीच केलेला शुभ्र कापूस मात्र ओल धरतो आणि बाईला सतत ओलं वाटतं. रंग थोडा पिवळसर येईल, तो आधीच समजावून सांगा. टॉपशीटखाली व्हिस्कोसचा पातळ थर दिलात तर ओल लवकर पसरेल.

केळीच्या धाग्याबद्दल: खोडातून काढलेला कच्चा धागा शोषत नाही. त्यात लिग्निन (खोडाला कडकपणा देणारा पदार्थ) आणि मेण असतं. अल्कलीत शिजवून, धुऊन, मोकळा करून घ्यावा लागतो, आणि त्याला पाणी भरपूर लागतं. ते सांडपाणी कुठे जाणार याचा विचार आधी करा, नाहीतर पॅड कुजेल आणि विहीर नासेल. सुरुवातीला सगळा लगदा बदलू नका, थोडा भाग मिसळून बघा.

इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोवनचं उत्कृष्टता केंद्र आहे. माटुंग्याची सिरकॉट ही सरकारी कापूस संशोधन संस्था कापसावर आणि इतर धाग्यांवर काम करते. दोन्हीकडे नमुने घेऊन जा.

प्रतिसाद: रानजाई

मी रसायनवाली नाही, वापरणारी आणि विकणारी आहे. जेल पूर्ण काढलंत तर पॅड जाड होईल. शाळेतल्या मुली जाड पॅड लावून सायकल चालवत नाहीत, सरळ दुसऱ्या ब्रँडकडे जातात. पण घरी असणाऱ्या, रात्री वापरणाऱ्या बायकांना जाड पॅड चालतो. तेव्हा जेल नसलेला पॅड आधी रात्रीचा म्हणून काढा.

हिशेब करताना जीएसटी विसरू नका. जुलै 2018 पासून पॅडवर कर नाही, त्यामुळे कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही. महाग फिल्म घेतली की तो करही वाढतो आणि सगळा तुमच्याच अंगावर येतो.

प्रतिसाद: रेणूबंध

रानजाईंशी सहमत. वनस्पतीजन्य जेलबद्दल थोडं. पॉलिॲक्रिलेट शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट फुगतं, पण मिठाच्या पाण्यात साधारण 30 ते 50 पटच. रक्तात आणखी कमी. म्हणजे तुमची बरोबरी शेकड्यांशी नाही, हे लक्षात घ्या. गवार डिंक आणि सीएमसीची खरी अडचण दाबाखाली दिसते. बाई बसली की ते चिकट होतं आणि वरचा थर चोंदतो, मग द्रव खाली न जाता कडेने पळतो. म्हणून ते एका जागी न भरता लगद्यात विरळ पसरावं लागतं. तपासताना साध्या पाण्याने तपासू नका. मिठाचं पाणी घ्या, सावकाश ओता आणि वर वजन ठेवून बाजूने बघा. सॅनिटरी पॅडचं भारतीय मानक आयएस 5405, त्याच्या चाचणीचाही गाभा हाच आहे: ठरलेल्या वेगाने द्रव, वर वजन, आणि खालून-बाजूने गळती नाही.

प्रतिसाद: केळीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं. पीएलए सध्या बाजूला ठेवतोय. बिनब्लीच कापसाची टॉपशीट, घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र असलेली फिल्म आणि जेल नसलेला रात्रीचा पॅड, इथून सुरुवात करणार. पेळू, सांडपाण्याचं तुम्ही म्हणालात ते बायकांना फार पटलं. केळीचा धागा त्याची सोय झाल्यावरच.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. कोणी सीएमसी किंवा गवार डिंक लगद्यात मिसळून पाहिलं असेल तर प्रमाण सांगाल का? आणि फिल्मवाले मोठ्या ऑर्डरशिवाय बोलत नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार किंवा बुलढाण्यात पॅडचं युनिट चालवणारे कोणी असतील तर आपण मिळून एक रोल मागवू, कापून वाटून घेऊ. इथेच कळवा.