ढगाचा कपॅसिटर: हे गणित आता बस करा

कोरडवाहू_इंजिनिअर (दारव्हा):
परवाची पोस्ट सगळ्यांनी पुढे पाठवली. ढगाचा तळ 3 किमी बाय 3 किमी, जमिनीपासून उंची 1 किमी, खाली जमीन, झाला समांतर पट्ट्यांचा कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणाऱ्या दोन पट्ट्या. धारकता 0.08 मायक्रोफॅरड. हवा मीटरला 30 लाख व्होल्टला फुटते, म्हणजे वीज वाहू देते, म्हणून 3 अब्ज व्होल्ट. शेवटी "एका विजेत 1 लाख युनिट, महावितरणची गरजच काय!"

त्याच आकड्यांनी प्रभार काढून बघा ना: 240 कूलंब. खऱ्या विजेतून साधारण 20 उतरतो, आणि ऊर्जा भरते काही शे युनिट. ढगात बलून सोडून मोजलं तर विद्युत क्षेत्र मीटरला 1 ते 4 लाख व्होल्टच सापडतं, जमिनीवर तर 10 हजारांच्या आसपास. दोन पट्ट्यांमध्ये क्षेत्र सगळीकडे सारखं असतं असं आपणच शिकवतो ना?

निवृत्त_मास्तर:
पुस्तकातला आदर्श वायू तरी खरा कुठं असतो हो? तोही बंद करू? बारावीच्या पोराला सूत्र ढगाला लावून बघावंसं वाटलं, त्याचं कौतुक करायचं सोडून तुम्ही फाडायला बसलात. खुद्द शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी शंभर वर्षांपूर्वी जमिनीवर बसूनच ढगातला प्रभार काढला होता.

कोरडवाहू_इंजिनिअर:
काढला, पण सगळा प्रभार एका बिंदूत आणि जमिनीखाली आरशातल्यासारखी त्याची प्रतिमा धरून. पट्ट्या धरून नव्हे, सर. ऋण प्रभार ढगाच्या तळाशी नसतोच मुळी. तो उणे 10 ते उणे 20 अंशांच्या थरात, म्हणजे आपल्याकडे 6-7 किमीवर. वर धन प्रभार वेगळाच. 3 किमीची पट्टी 6 किमीवर टांगून "कडांचा परिणाम नगण्य" म्हणता?

धुऱ्यावरचा:
राजेहो, तुमचे कूलंब राहू द्या. आमच्या गावात वीज अटकाव यंत्र बसवलं. सहा महिन्यांत खालची तांब्याची पट्टी चोरानं नेली. वरचा खांब तसाच उभा. आता तो काय कामाचा, थे सांगा.

कोरडवाहू_इंजिनिअर:
कामाचा नाहीच, उलट धोक्याचा. विजेला खाली उतरायला वाटच नाही, ती भिंतीतून, वायरिंगमधून जाईल. आणि पट्टी असती तरी एका खांबानं 100 मीटरचा घेर वाचतो हा विक्रेत्याचा दावा. आयईसी 62305 हे वीज-संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक तो मानत नाही.

धुऱ्यावरचा:
मंग चोरानं पुण्यच केलं म्हणायचं! तुमी शहरात बसून मानकं सांगा. माह्या चुलतभावाचे दोन्ही बैल मोहाखाली गेले. झाडावर पडली, बैलाले शिवलीही नाई. भाऊ दहा पावलांवर होता, थो वाचला. काहून?

निवृत्त_मास्तर:
वीज झाडातून जमिनीत शिरली की सगळीकडे पसरते. झाडाजवळ विभव, म्हणजे व्होल्टेज, जास्त, दूर कमी. बैलाचे पुढचे-मागचे पाय दीड मीटर लांब, तेवढा फरक त्याच्या छातीतून जातो. माणसाची पावलं जवळ. म्हणून वावरात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, झाडापासून लांब.

कोरडवाहू_इंजिनिअर:
सर, तुमच्याच तोंडून आलं! जमीन खरंच कपॅसिटरची पट्टी असती तर तिच्यावर सगळीकडे एकच विभव असतं. बैल मेलेच नसते.

निवृत्त_मास्तर:
वकिली करू नका. कपॅसिटर वीज पडण्याआधीचा, बैल पडल्यानंतरचे. तेव्हा जमिनीतून हजारो अँपिअर वाहतात, त्याला स्थितिक विद्युत, म्हणजे थांबलेल्या प्रभाराचं गणित, लावायची नसते हे तुम्हालाही ठाऊक आहे. बाकी 1 लाख युनिटवाली ओळ खोडा, हरकत नाही. गणित राहू द्या, खाली तुमचे 20 कूलंब लिहा. घ्या, जिंकलात.

कोरडवाहू_इंजिनिअर:
उपकार झाले.

कापूस_सोयाबीन_तूर:
दामिनी ॲप टाका सगळ्यांनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे. आजूबाजूला वीज पडत असली की सांगते.

धुऱ्यावरचा:
वावरात रेंज कुठी हाय? आन् पट्टीचं राह्यलंच. तांब्याऐवजी जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी चालते का? थे कोनी चोरत नाई.

कोरडवाहू_इंजिनिअर:
चालते. जाड घ्या, आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका.