मदत हवी आहे: आंब्याच्या वेबसाइटचं काम अडलंय, डिझायनरशी कसं जुळवून घ्यावं?

देवगडची_सून:
नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. आजवर माल वाशीच्या दलालाकडे जायचा, थोडाफार ओळखीपाळखीत फोनवर. यंदा थेट गिऱ्हाइकाला विकायचं म्हणून पुण्यातल्या एका मुलाला वेबसाइट करायला दिली. निम्मे पैसे आगाऊ दिलेत. मुलगा गुणी आहे, आधीची कामं बघूनच निवडला. पण काम अडलंय आणि हल्ली फोनवर दोन्हीकडचे आवाज चढायला लागलेत.

सासऱ्यांनी माहितीपत्रकासाठी बागेची माहिती टाइप करून घेतली होती, तीच फाइल त्याला पाठवली. साइटवर तिची नुसती रोमन अक्षरं आणि कंसांची खिचडी दिसते. तो म्हणतो परत टाइप करून द्या, कोटेशनमध्ये टायपिंग नाही. डीटीपीवाल्याकडे मात्र फाइल छान उघडते!

पेटीचे भाव त्याने एका सुरेख चित्रात बसवलेत. आमचा भाव मार्चात एक, एप्रिलअखेर भलताच. दर वेळी त्याला फोन करायचा का? तो म्हणतो, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं.

त्यात मी, नवरा आणि थोरले दीर, तिघंही त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं कळवतो. आणि परवा समजलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच नावावर आहे.

भांडायचं नाही, माणूस बदलायचा नाही. पाडव्याच्या आत साइट सुरू व्हावी एवढंच. उरलेल्या कामासाठी काय ठरवावं, काय लिहून घ्यावं? जाणकारांनी सांगावं.

जुना_डीटीपीवाला:
ताई, फाइल श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फाँटात असणार. त्यात 'क' हा खरा 'क' नसतो, रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फाँट असेल तिथे मराठी, नसेल तिथे तुम्ही म्हणता ते. डीटीपीवाल्यालाच सांगा, 'युनिकोड करून दे', म्हणजे तो फाँट नसला तरी मराठीच दिसेल. कन्व्हर्टर मिळतात, काम पटकन होतं. पण नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच. रफार आणि पहिली वेलांटी हटकून इकडची तिकडे होते. तुमच्या मजकुरात 'वर्ष', 'मार्च', 'किलो', 'विक्री' असणारच, आधी तेच तपासा. पोराचा यात दोष नाही.

पिक्सेलपंत:
मी याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडा त्याच्या बाजूने बोलेन.

भावाचा मुद्दा सगळ्यात मोठा. डिझायनरला आपण बहुतेक वेळा रंग सांगतो, धंदा सांगत नाही. त्याला एकदा सांगा की सकाळी ऑर्डर कशी येते, कोण लिहून घेतं, चार डझनी आणि सहा डझनी पेटी कधी संपते, पार्सल कुठल्या गाडीने जातं, आंबा खराब निघाला तर तुम्ही काय करता. एवढं ऐकलं असतं तर त्याने भाव चित्रात घातलेच नसते. आता लेखी मागा: भाव, साठा आणि 'संपले' ही पाटी मोबाइलवरून मला बदलता आली पाहिजे. हे वाढीव काम आहे, तो जादा पैसे सांगेल. रक्कम ऐकून घ्या, पटली तर द्या. 'त्यात काय एवढं' हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका.

घरातून बोलणारा माणूस एकच. तिघांची मतं तिघांनी घरात भांडून ठरवा आणि एकाच मेलमध्ये एकत्र पाठवा. 'हिरवा नको' एवढंच लिहू नका. 'उन्हात बागेत मोबाइल धरला की हिरव्यावरची पांढरी अक्षरं दिसत नाहीत' असं लिहा. पहिल्या वाक्यावर तो अंदाज बांधत बसतो, दुसऱ्यावर कामाला लागतो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर गेटवेवाले (गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या खात्यात वळते करणारी कंपनी) परताव्याचे नियम, अटी, गोपनीयता धोरण आणि संपर्काचं पान मागतात. ते नियम तुम्हीच ठरवायचे. नासका आंबा निघाला तर पैसे की बदली पेटी, हे त्याला कसं कळणार?

आणि त्याच्याकडून एक तपासून घ्या. मराठी मथळ्यांच्या अक्षरांत जादा अंतर टाकलं असेल तर शिरोरेघ तुटून तुकडे दिसतात. इंग्रजी साइटची सवय असलेले हमखास करतात. (माझं जुनं दुखणं, म्हणून लिहिलं.)

वकिली_चष्मा:
डोमेन आधी. ज्या कंपनीकडून घेतलंय तिथेच तुमचं खातं उघडा, त्याला डोमेन त्यात वर्ग करायला सांगा. मालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचाच ईमेल हवा, म्हणजे नूतनीकरणाची सूचना तुम्हाला येईल. सरळ माणूस असेल तर हे चहा पिता पिता होतं.

दुसरं लोकांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही, त्याच्या सहीचं लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही लिहा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं उलट आहे, वेगळा करार नसेल तर त्यांचे पहिले मालक तुम्ही.

हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण तो लोगो साइटवर लावण्याआधी तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालीय का ते बघा. डिझायनर लोगो लावून मोकळा होईल, उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

देवगडची_सून:
सगळ्यांचे आभार. फाइल युनिकोड करायला दिली. घरातून मी बोलायचं ठरलंय, दीर जरा गप्प आहेत पण तयार झाले. जीआय नोंदणी सासऱ्यांच्या नावावर आहे, प्रमाणपत्र शोधते. एकच विचारायचं राहिलं: उरलेले निम्मे पैसे कधी द्यावेत? तो म्हणतो साइट सुरू करण्याआधी सगळे.

पिक्सेलपंत:
त्याचंही बरोबर आहे, साइट सुरू झाली की फोन न उचलणारे क्लाएंट आम्ही पाहिलेत. उरलेल्याचे दोन भाग करा. भाव बदलायची सोय त्याच्या चाचणीच्या लिंकवर तुम्ही स्वतः वापरून बघितलीत की पहिला. डोमेन तुमच्या खात्यात आलं, हस्तांतराच्या कागदावर सही झाली की त्याच दिवशी दुसरा, साइट त्यानंतर सुरू. आणि हंगामात काही बंद पडलं तर किती तासांत बघणार, त्याचे महिन्याला किती, हे आत्ताच विचारून ठेवा. एप्रिलमध्ये विचारलंत तर तो दुसऱ्या कामात असेल.