देशी कंपनीचीच गाडी घेतली की रोजगार वाचतो, हे कितपत खरंय?

वळणवाट

नवीन गाडी घ्यायचीय आणि घरात यावरून रोज वाद चाललाय म्हणून इथे विचारतोय. वडिलांचं म्हणणं एकच, गाडी आपल्या देशातल्या कंपनीचीच घ्यायची, परदेशी कंपनीची घेतलीस म्हणजे आपल्याच माणसांच्या पोटावर पाय दिलास. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात काम केलंय, त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारचे कारखाने बंद पडलेत, त्यामुळे त्यांचं बोलणं मी असं उडवून लावू शकत नाही आणि लावायचंही नाहीये.

पण अडचण अशी झालीय की मी ज्या दोन गाड्यांवर आलोय त्यातली परदेशी कंपनीची जी आहे ती बांधली जाते इथेच, आपल्याच देशात, आणि देशी कंपनीचं जे मॉडेल आहे ते दुसऱ्या देशातल्या त्यांच्या कारखान्यातून तयार होऊन जहाजाने येतं. मग रोजगाराच्या हिशेबाने देशी कुठली म्हणायची? बोनेटवरच्या नावाची की जिथे वेल्डिंग झालं तिथली? आणि समजा जुनी सेकंडहँड घेतली तर काय फरक पडतो? मला खरंच नीट समजून घ्यायचंय, कृपया नुसतं "आवडेल ती घ्या" असं सांगू नका.

नटबोल्ट

पार्ट्सच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. गाडीत सगळ्यात जास्त माणसं कुठे लागतात हे आधी बघा. बॉडी शॉपमध्ये रोबोट वेल्डिंग करतात, पेंट शॉपमध्येही माणूस कमीच, खरी गर्दी असते ती शेवटच्या असेंब्लीच्या लाइनवर आणि त्याहून कितीतरी जास्त बाहेर, म्हणजे आमच्यासारख्या पार्ट पुरवणाऱ्यांकडे. गाडीची कंपनी फार थोड्या गोष्टी स्वतः बनवते. सीट, डॅशबोर्ड, बंपर, लाइट, ब्रेक, काच, हे सगळं बाहेरून येतं.

सीटचंच उदाहरण देतो. सीट आकाराने मोठी आणि आत बरीचशी हवाच, ती लांबून आणणं परवडतच नाही, शिवाय लाइनवर आत्ता काळी लेदरवाली गाडी, मागून राखाडी कापडवाली, त्याच्या मागून परत काळी अशा ज्या क्रमाने गाड्या येतात त्याच क्रमाने ट्रकमध्ये सीटा भरून पाठवाव्या लागतात, थोडा उशीर झाला तरी लाइन थांबते आणि फोन वाजायला लागतात. त्यामुळे गाडी जिथे बांधतात त्याच्या आसपासच सीटचा कारखाना असतो, मग वरचं नाव जपानी असो की जर्मन की देशी. त्या सीटवर शिलाई मारणाऱ्या बायका, फोम ओतणारे, ट्रकवाले, कँटीनवाले, सगळे तिथलेच.

वायरिंग हार्नेसचं, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींच्या जुडग्याचं, मात्र उलट आहे. एका गाडीत किलोमीटरच्या वर वायर भरते आणि अजूनही ती माणसं लाकडी बोर्डावर हाताने एकेक वायर ओढून, टेप गुंडाळून बांधतात, मशीनला ते अजून नीट जमलेलं नाही. पण हार्नेस हलका, गुंडाळून खोक्यात भरता येतो, म्हणून जिथे मजुरी कमी तिथे तो जातो. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तिथून हार्नेस येईनात म्हणून फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला जर्मनीतल्या लाइनी थांबवाव्या लागल्या होत्या. म्हणजे अगदी जर्मन म्हणवणारी गाडीसुद्धा किती देशांची असते बघा.

तर माझं म्हणणं, नाव सोडा, गाडी कुठे बांधतात आणि इंजिन, गिअरबॉक्स, मोठे पार्ट कुठून येतात ते विचारा. "इथे बांधली" यातही फरक असतो हं. सगळी गाडी खोक्यांतून सुट्या भागांत आणून नुसती जोडायची, ज्याला सीकेडी म्हणतात, त्यात जोडणाऱ्या थोड्या लोकांना काम मिळतं पण पार्टवाल्यांना काहीच नाही. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो, त्याचं पहिलं अक्षर बघितलं की देश कळतो: J (जे) म्हणजे जपान, K (के) कोरिया, L (एल) चीन, W (डब्ल्यू) जर्मनी, 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिका, 2 कॅनडा, 3 मेक्सिको.

दक्षिणवारा

नटबोल्ट यांच्याशी सहमत, आणि नाव देशी असून काय झालं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ऑस्ट्रेलिया आहे. तिथे होल्डन म्हणजे "आपली गाडी", 1948 ला पहिली आली तेव्हापासून लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण कंपनीची मालकी 1931 पासून अमेरिकेतल्या जनरल मोटर्सची! ऐंशीच्या दशकात तिथे आयात गाड्यांवर 57.5 टक्क्यांपर्यंत कर होता, तो उतरत उतरत 2010 पर्यंत 5 टक्क्यांवर आला, ऑस्ट्रेलियन डॉलर महाग झाला, बाजारपेठ मुळातच छोटी आणि त्यात मॉडेल भरमसाट.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बंद पडण्याचा क्रम. मे 2013 ला फोर्डने सांगितलं आम्ही इथलं उत्पादन बंद करणार, डिसेंबरमध्ये होल्डनने सांगितलं, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये टोयोटाने. कारण पार्ट पुरवणारे तिघांचे बरेचसे तेच होते. दोघं गेले की पार्टवाल्याकडे एवढी कमी ऑर्डर राहते की त्याचा कारखाना चालत नाही, आणि पार्टवाला गेला की तिसऱ्यालाही राहणं अवघड. ऑक्टोबर 2016 ला फोर्ड, ऑक्टोबर 2017 ला टोयोटा आणि होल्डन, संपलं. आता तिथे सगळ्या मोठ्या ब्रँडच्या गाड्या बाहेरून येतात.

म्हणून "परदेशी कंपनीची गाडी घेऊन देशी कंपनीच्या कामगाराचं नुकसान" हे इतकं सरळ नाहीये. एकाच भागात देशी आणि परदेशी दोन्ही कारखाने असतील तर ते एकमेकांचे पार्टवाले जगवत असतात. त्या टोयोटाच्या कारखान्यातले कामगारही तिथलेच होते ना.

हिशेबी

वरच्या दोघांचं बरंचसं पटतंय पण वळणवाट यांच्या वडिलांची बाजू कुणीच मांडत नाहीये, ती मी मांडते, कारण मला ती बाजू खरंच महत्त्वाची वाटते.

कारखाना चालू असतो तोपर्यंत मालक कुठला याने फरक पडत नाही, मान्य. पण मंदी आली, मॉडेल बदललं, दोनपैकी एक कारखाना बंद करायची वेळ आली, तेव्हा निर्णय कुठे बसून घेतला जातो? हेड ऑफिसमध्ये. आणि हेड ऑफिसला आपल्या घरचं सरकार, घरची युनियन, घरचे पेपर यांचा दबाव असतो, परक्या देशातल्या कामगाराचा कुणी वाली नसतो. ब्रिटनमध्ये होंडाचा स्विंडनचा कारखाना चांगला चालू होता, 1992 पासून गाड्या निघत होत्या, जुलै 2021 ला बंद. सुमारे साडेतीन हजार लोकांचं थेट काम गेलं, पार्टवाल्यांचं वेगळंच. तिथल्या कामगारांनी काही वाईट काम केलं होतं म्हणून नाही, कंपनीने जगभरातली मांडणी बदलली म्हणून.

दुसरं म्हणजे कुठली नोकरी हेही बघा. लाइनवर बोल्ट आवळायची नोकरी आणि गाडी डिझाइन करायची, इंजिनाची चाचणी घ्यायची, सॉफ्टवेअर लिहायची नोकरी यात फरक आहे, आणि ही दुसरी कामं बहुतेक कंपनीच्या मायदेशीच राहतात. शिवाय नफा, रॉयल्टी बाहेर जाते. आमच्या घरातला एक इंजिनिअर मुलगा परदेशी मालकीच्या कारखान्यात होता, हुशार, पण डिझाइन सगळं तिकडून तयार होऊन यायचं, याने फक्त इथे ते बसतंय का एवढंच बघायचं. शेवटी कंटाळून गेला. पुढच्या पिढीला नुसती जोडणीच शिकवायची का?

धुरकट

हिशेबीताई, बाजू बरोबर मांडलीत पण देशी मालकसुद्धा कामगाराला वाऱ्यावर सोडतो की. तुमच्याच ब्रिटनमध्ये रोव्हर एप्रिल 2005 ला बुडाली, लाँगब्रिजमधल्या सहा हजारांवर लोकांचं काम गेलं, ती तर पक्की ब्रिटिश मालकीची होती. आणि तिथेच 1986 ला सुरू झालेला निसानचा संडरलँडचा कारखाना आजही चालू आहे. जग्वार लँड रोव्हर 2008 पासून टाटांची आहे, म्हणजे तिथल्या माणसाने जग्वार घेतली तर ती देशी की परदेशी?

मला तर फ्रीमाँटची गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. कॅलिफोर्नियात जनरल मोटर्सचा कारखाना होता, कामगार दांड्या मारतात, भांडणं, गाड्या खराब अशी ख्याती, 1982 ला बंद केला. 1984 ला टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच उघडला, बहुतेक कामगार तेच जुने घेतले, युनियन तीच, बऱ्याच जणांना जपानला नेऊन शिकवलं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला दिला. आधी लाइन थांबवणं म्हणजे मोठा गुन्हा, चुकीची गाडी पुढे ढकलायची आणि नंतर दुरुस्त करायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्या अमेरिकेतल्या उत्तम दर्जाच्या गाड्यांत गणल्या जायला लागल्या. म्हणजे माणसं वाईट नव्हतीच, त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. परदेशी कंपनी नुसत्या नोकऱ्या घेऊन येत नाही, काम करायची पद्धतही आणते, आणि ती हळूहळू देशी कंपन्याही उचलतात. स्पर्धा नसती तर त्यांनी उचलली असती का?

हिशेबी

धुरकट, गोष्ट अर्धी सांगितलीत. 2009 ला जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली आणि एप्रिल 2010 ला टोयोटाने तो कारखाना बंद केला. इतकं चांगलं काम करूनही! नंतर टेस्लाने जागा घेतली हे खरं, पण मधे ज्यांचं घर बसलं त्यांचं काय? मी "परदेशी नको" म्हणत नाहीये, मी म्हणतेय मालक कुठला हा प्रश्न फालतू नाही, आणि वडिलांना तो पडतो यात काही चूक नाही.

धुरकट

हे मान्य. दोन्ही बघावं लागतं.

पाटीवाचक

चेसिस नंबरबद्दल एक भर घालतो, कारण लोक यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. युरोपातल्या काही कंपन्या दुसऱ्या देशात बांधलेल्या गाडीलाही आपल्याच देशाचं अक्षर देतात, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला बांधलेल्या मिनीचा नंबर डब्ल्यूने सुरू होतो, म्हणजे जर्मनीचं अक्षर. अकरावं अक्षर सहसा कारखान्याचा कोड असतं, ते कुठल्या कारखान्याचं हे शोधून बघायचं. अमेरिकेत तर 1992 च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर लेबल लावावंच लागतं, शेवटची जोडणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले, आणि पार्टांपैकी किती टक्के अमेरिका-कॅनडाचे. त्यात कॅनडा वेगळा दाखवत नाहीत ही त्रुटी आहे, तरी असं लेबल सगळ्या देशांत सक्तीचं व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाइकाला माहितीच दिली नाही तर तो देशाचा विचार करणार कसा?

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, वडिलांना सगळं वाचून दाखवलं, हिशेबीताईंचं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि ऑस्ट्रेलियाचं ऐकून बराच वेळ गप्प बसले. आता त्यांचा प्रश्न असा की शोरूममध्ये नेमकं विचारायचं काय, सेल्समन तर काहीही सांगतो. आणि सेकंडहँडचं राहिलंच.

नटबोल्ट

सेल्समनला "देशी आहे का" असं विचारूच नका, तो हो म्हणणारच. त्याला विचारा इंजिन कुठल्या कारखान्यातून येतं, गिअरबॉक्स कुठून, गाडी सुट्या खोक्यांत येऊन जोडतात की पत्र्याचं प्रेसिंगही, म्हणजे पत्रा दाबून बॉडीचे भाग बनवायचं कामही, इथेच होतं. त्याला माहीत नसेल तर सर्व्हिस मॅनेजरला गाठा, वर्कशॉपवाल्यांना पार्टच्या खोक्यांवरचे देश रोज दिसतात. इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीचे सेल कुठून येतात हे पहिलं विचारा, तिथे पैशाचा मोठा भाग जातो, आणि इंजिन-गिअरबॉक्सवाल्या पार्टवाल्यांचं काम त्या गाडीत नसतंच.

सेकंडहँडने कारखान्याला थेट काही मिळत नाही, पण मेकॅनिक, डेंटिंग-पेंटिंगवाला, टायरवाला यांचं काम इथलंच आणि जुनी गाडी त्यांना नव्यापेक्षा जास्त काम देते. तुमच्या दोन गाड्यांपैकी मी असतो तर इथे बांधलेली घेतली असती, प्रेसिंग इथलं असेल तर नक्कीच. वडिलांना घेऊन जा शोरूमला, ते कारखान्यातले आहेत, त्यांना उत्तर ऐकूनच कळेल समोरचा खरं बोलतोय का.

हिशेबी

आणि देशी कंपनीलाही एक मेल टाका की तुमचं मॉडेल आवडलं होतं पण बाहेर बांधता म्हणून घेतलं नाही. गिऱ्हाईक का गेलं हे त्यांना कळलं पाहिजे.